ऑपरेटरदादा, तुम्ही तुकोबांचं कपाळ परत दिलंत

ऑपरेटरदादा, नमस्कार.

तुमचं नाव मला माहीत नाही. त्या संध्याकाळी विचारायचं राहून गेलं आणि ते घरी पोचल्यावर लक्षात आलं. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे. तुम्हाला ओळखणारं कुणी वाचलं तर तुमच्यापर्यंत पोचवेल.

‘संत तुकाराम’चा खेळ होता. मी बाबांना घेऊन आले होते. पिक्चर १९३६ चा, बाबांपेक्षाही वयाने मोठा. दिवे मालवले, तुकोबा झालेले विष्णुपंत पागनीस डोळे मिटून गायला लागले आणि माझ्या पोटात गोळा आला. पडद्यावर तुकोबांच्या भुवया होत्या, वर कपाळ नव्हतं. खाली हातही छातीपाशी तुटले होते. मी बाबांकडे पाहिलं. ते पडद्याकडे बघतच नव्हते, मांडीवरच्या हातांकडे बघत होते. ‘जाऊ दे बाळा, भांडू नकोस,’ एवढंच म्हणाले.

ते असं का म्हणाले, ते तुम्हाला सांगायला हवं. दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या एका थेटरात हेच झालं होतं. पडद्यावर माणसं होती, डोकी नव्हती. मी बाहेर जाऊन सांगितलं, तर उत्तर मिळालं, ‘मॅडम, जुना पिक्चर आहे, असाच असतो.’ दुसरा म्हणाला, ‘पडदा पूर्ण भरलाय ना, मग तक्रार कसली?’ मी लेखी तक्रार केली, तिला उत्तर आलं नाही. बाबा मध्यंतरातच उठले होते. ‘चल, हे आता आपल्यासाठी नाही,’ म्हणाले आणि नंतर दोन वर्षं थेटराची पायरी चढले नाहीत. आयुष्यभर पिक्चरवर जीव टाकलेला माणूस! ‘असाच असतो’ म्हणणाऱ्यांना आपण काय हिरावून घेतलं याची कल्पनाही नसेल, आणि मला त्याचा अजून राग येतो.

जुना पिक्चर असा नसतोच. त्या काळची चौकट जवळजवळ चौकोनी, रुंदी उंचीच्या साधारण १.३७ पट. आजचा पडदा १.८५ पट किंवा त्याहूनही रुंद. जुनं चित्र मोठं करून तो काठोकाठ भरायला गेलं की वरून-खालून मिळून चित्राचा चौथा हिस्सा जातो. दिग्दर्शक दामले आणि फत्तेलाल यांनी चौकटीतली प्रत्येक जागा विचार करून भरलेली. जिजाई आजारी पोराला घेऊन पांडुरंगाला जाब विचारायला देवळात जाते, त्या प्रसंगात तिच्या चेहऱ्याइतकेच तिचे हातही बोलतात. शेवटी तुकोबांचं विमान वर वर जातं, तिथे वरचं आकाशच कापलं तर ते जाणार कुठे? बाजूंना काळी पट्टी दिसली म्हणून काही बिघडत नाही. ती काळी जागा मोकळी सोडली तरच चित्र पुरं दिसतं.

तर, मी बाबांचं न ऐकता बाहेर धावले. तुमच्या केबिनचा जिना चढताना मनात भांडणाची सगळी वाक्यं तयार होती. एकही वापरावं लागलं नाही. तुम्ही दार उघडलंत, माझं अर्धं बोलणं ऐकलंत, काचेतून एकदा पडद्याकडे पाहिलंत आणि म्हणालात, ‘अरे देवा, कपाळ गेलंय की.’ पुढे तुम्ही काय काय फिरवलंत ते मला कळलं नाही. पिक्चर थांबला, चित्र आक्रसलं, दोन्ही बाजूंना काळोख आला आणि मधे तुकोबा पुरे उभे राहिले. तुम्ही पुढे चालू केलं नाहीत, पहिल्यापासून लावलंत. पहिला अभंग आम्हाला परत मिळाला.

एवढ्यावरही मी जन्मभर आभार मानले असते. पण मला सारखं आठवतं ते त्यानंतरचं. तुम्ही बॅटरी घेऊन खाली आलात, आमच्या रांगेपाशी वाकलात आणि मला नाही, बाबांना विचारलंत, ‘आजोबा, आता कपाळ दिसतंय ना नीट?’ बाबांना लगेच बोलता आलं नाही. तुम्ही घाई केली नाहीत. अभंग संपेपर्यंत तिथेच भिंतीला टेकून उभे राहिलात. बाबांनी अंधारात हात पुढे केला आणि तुमचा हात धरला, तो बराच वेळ सोडला नाही.

त्या एका प्रश्नात किती होतं, दादा! या म्हाताऱ्या माणसाला नीट दिसायला हवं, हे तुम्हाला आतून वाटलं होतं. आपल्या कामाची अशी चाड असलेली माणसं भेटली की जगाबद्दलचा कडवटपणा वितळतो. कुठल्याही कामात ही माणसं असतात, कुणी बघत नसतानाही काम पुरं करतात, आणि त्यांचं नाव कुठल्याच श्रेयनामावलीत येत नाही.

मला नव्याचंही तितकंच वेड आहे. ट्रेलर आला की मी दहादा बघते, पहिल्या दिवशी पहिला खेळ गाठते. जुने पिक्चर पुन्हा थेटरात लागतायत याचा तर मला केवढा आनंद! १९७५ च्या ‘शोले’चा सेन्सॉरने बदलायला लावलेला मूळ शेवट २०२५ मध्ये नव्या प्रतीत परत बघायला मिळाला, तेव्हा मी रडले होते. पण त्याच वर्षी ‘रांझणा’च्या तमिळ आवृत्तीचा शेवट एआयने बदलून ती पुन्हा लावली गेली, दिग्दर्शक आनंद एल. राय यांचा उघड विरोध असतानाही. तेव्हा फार भीती वाटली. आधीच आपण किती गमावलंय. आपला पहिला बोलपट ‘आलम आरा’, त्याची एकही प्रत उरलेली नाही, फाळक्यांच्या १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’चा फक्त काही भाग शिल्लक आहे. जे उरलं ते राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय उभारणाऱ्या पी. के. नायर यांच्यासारख्यांनी रिळं शोधत वणवण केली म्हणून. त्यांनी वाचवलेलं शेवटी तुमच्या केबिनच्या काचेतून आमच्यापर्यंत येतं. तिथे तुमच्यासारखा माणूस नसेल, तर एवढं जपलेलं शेवटच्या पन्नास पावलांत वाया जातं.

परत येताना बाबा रिक्षात ‘आधी बीज एकले’ गुणगुणत होते. मला म्हणाले, हा तुकोबांचा अभंग नाही बरं का, शांताराम आठवल्यांनी पिक्चरसाठी लिहिलाय, लोकांना खराच वाटतो. हे त्यांनी मला लहानपणापासून शंभरदा सांगितलंय. मी पहिल्यांदाच ऐकल्यासारखं ऐकलं.

काल पेपरात आणखी एक जुना पिक्चर लागणार असल्याचं वाचून त्यांनी मला हाक मारली. पिक्चरचं नाव नंतर सांगितलं. आधी विचारलं, ‘त्या कपाळवाल्याच्याच थेटरात आहे ना गं?’

तुमची,
उजवीकडच्या चौथ्या रांगेतली मुलगी