आजीच्या कामाबद्दल

सोलापूर, ८ डिसेंबर

ती. बाबा आणि ती. सौ. आई यांस शिरसाष्टांग नमस्कार.

इकडे सगळं ठीक. थंडी पडलीय. पत्र लिहितेय ते आजीसाठी.

माझ्या वर्गातल्या एका मुलीनं दुसऱ्या महायुद्धात कारखान्यांत राबलेल्या बायकांवर इतिहासाचा प्रकल्प केलाय, अगदी जीव ओतून. दंड दाखवणाऱ्या बाईचं ते १९४३चं अमेरिकन पोस्टर तिनं हातानं रंगवलं. ब्रिटननं डिसेंबर १९४१मध्ये कायदा करून २० ते ३० वयाच्या अविवाहित मुलींना युद्धकामाला लावलं, तेही लिहिलंय. लंडनच्या वॉटर्लू पुलावर बायका राबल्या आणि १९४५च्या उद्घाटनात कौतुक झालं फक्त पुरुषांचं, हे सांगताना तिचा आवाज चढला.

पण शेवटी लिहिलं होतं, ‘युद्धामुळे स्त्रिया पहिल्यांदा कारखान्यात गेल्या.’ तिथं मी अडले. बाबा, आपली आजी तेव्हा जुन्या मिलमध्ये रिळींग खात्यात होतीच की! आणि तिच्या आधी तिची सासू. सोलापूरच्या बायांना भोंगा ऐकून घर सोडायला युद्ध लागलं नव्हतं.

मग मी तिला कोळसा खाणींचं सांगितलं. बायकांना जमिनीखाली उतरवायला १९३७पासून पूर्ण बंदी होती. युद्धात कोळसा कमी पडला तशी १९४३मध्ये ती उठवली. तेव्हा व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खातं बाबासाहेबांकडे होतं. १९४४मध्ये कायदेमंडळात त्यावर कडक टीका झाली, तेव्हा या बायांना पुरुषांइतकीच मजुरी आहे हे त्यांनी ठासून सांगितलं. १९४६मध्ये बंदी परत आली. ती योग्यच, पण नड पडली की तीच भुयारं बायांना चालतात, याचा मला संताप येतो. मुलगी सगळं उतरवून घेत होती. मग तिनं विचारलं, “बाई, तुमच्या आजी काय करायच्या?”

मला सांगता आलं ते एवढंच, की कांड्यांवरचं सूत रिळावर घेऊन त्याच्या लड्या करायच्या, आणि मजुरी जितक्या लड्या तितकी. घरी आल्यावर आजीचा मृत्यूचा दाखला काढून पाहिला. व्यवसाय : घरकाम. बाबा, तुम्हाला दोष देत नाही, त्या दिवशी कुणाला सुचणार होतं? पण बावीस वर्षं ती त्या खात्यात उभी होती.

म्हणून एक मागणं आहे. आठवेल तसं लिहून काढा. खात्यातल्या बायांवरची मुकादम, ती नायकीण, कोण होती, पगार कुणाच्या हातात द्यायची, तुम्ही तान्हे असताना तुम्हाला कुठं ठेवायची. आई, तू शेजारी बस. स्वैपाकघरात ती तुझ्याशीच जास्त बोलायची, आणि तिच्या बोटांवरचे सुताचे घट्टे तूच तेल लावून चोळलेस.

गड्ड्याच्या यात्रेला याल तेव्हा कागद बरोबर आणा. त्या मुलीला मी घरी बोलावलंय.

तुमची,
मंगल