तळमजल्यावरच्या काकांना, ओळंब्याबद्दल

आदरणीय काका,

साष्टांग नमस्कार वि. वि.

पत्र असं चारचौघांत लिहितोय, कारण तोंडावर आभार मानायला गेलो की तुम्ही "बरं बरं" म्हणता आणि दार लोटून घेता. नाव लिहायचं नाही असं तुम्ही बजावलंय. ते पाळलंय. बाकी काही गाळणार नाही, माझा गाढवपणासुद्धा.

आपली ओळख भांडणातून झाली. फोर-व्हील ड्राइव्ह गाडी नव्या स्प्रिंगा घालून ५० मिलिमीटरनं उचलली, त्यानंतर रात्री गाडी लावताना माझे हेडलाइट तुमच्या खिडकीतून थेट छतावर जायचे. तुम्ही बनियनवर खाली आलात. मला वाटलं, आता आवाज चढणार. तुम्ही गाडीच्या नाकाकडे पाहिलंत आणि म्हणालात, "पुढून जास्त उचललीस, मागून कमी. दिव्यांचे स्क्रू फिरवायचे राहिले." मग वाकून पुढच्या उजव्या टायरवर हात फिरवलात आणि विचारलंत, "आणि ही अशी कधीपासून खातेय?"

तोवर मी दोनदा अलाइनमेंट (मशीनवर चाकांचे कोन जुळवणं) करून घेतली होती. दोन्ही वेळा कागद हातात, कागदावर हिरवे आकडे, आणि गाडी पूर्वीसारखीच. सरळ रस्त्यावर ऐंशीच्या पुढे गेलो की स्टिअरिंग सतत सावरावं लागायचं. वळण संपलं तरी ते आपणहून मध्यावर यायचं नाही, हातानं आणावं लागायचं. वर उजवीकडे ओढ. दुसऱ्या ठिकाणच्या माणसानं तर निक्षून सांगितलं होतं, "लिफ्ट केलेली गाडी अशीच चालते, सवय होईल." मला ते पटलंही होतं. आपणच हौसेनं केलेल्या कामातली चूक मान्य करण्यापेक्षा सवय लावून घेणं सोपं वाटतं.

त्या रात्री तुम्ही माझा हात धरून टायरवरून आडवा फिरवलात. बाहेरून आत एकदा, आतून बाहेर एकदा. एका दिशेनं गुळगुळीत, उलट दिशेनं करवतीच्या दात्यांसारखं बोटाला अडकणारं. "हे टोचं काम," तुम्ही म्हणालात, "चाकांचे पंजे आत-बाहेर वाकडे असले की रबर आडवं घासतं." मग बाहेरच्या कडेवर अंगठा ठेवलात. तिथली नक्षी आतल्या कडेपेक्षा निम्मी उरली होती. "आणि हे कॅम्बरचं. चाक वरून बाहेर झुकलंय." लिफ्ट लावल्यावर पहिले हजार किलोमीटर मी अलाइनमेंट न करताच हिंडलो होतो, हे तेव्हा कबूल केलं. उचललेल्या गाडीचे, स्टिअरिंगला चाकांशी जोडणारे टाय रॉड पूर्वीपेक्षा तिरके होतात आणि टो तिथल्या तिथे बदलतो, हे मला ठाऊकच नव्हतं. तुम्ही काही बोलला नाहीत. त्या न बोलण्याबद्दलही आभार.

दुसऱ्या दिवशी मी दोन्ही कागद घेऊन आलो. तुम्ही चष्मा लावून हिरवे आकडे सोडून दिलेत आणि एका ओळीवर बोट ठेवलंत. कास्टरचे, म्हणजे चाक ज्या आसाभोवती वळतं त्याच्या मागे-पुढे कलाचे, रकाने दोन्ही कागदांवर कोरे होते. मी ते कधी पाहिलेच नव्हते.

"मशीनवर गाडी असताना त्यानं स्टिअरिंग डावीकडे, मग उजवीकडे वळवायला सांगितलं होतं का?"

नव्हतं सांगितलं.

"मग कास्टर कळणार कसा?"

माझ्या डोक्यात पहिल्यांदा प्रकाश पडला तो इथे. कॅम्बर आणि टो गाडी सरळ उभी असताना दिसतात. कास्टर तसा दिसत नाही. चाक दोन्ही बाजूंना ठरावीक अंशांत, बहुतेक वीस-वीस, वळवायचं आणि त्या फेऱ्यात कॅम्बर किती बदलला यावरून मशीन कास्टर काढतं. तेवढी दोन-तीन मिनिटं वाचवली की रकाना कोरा राहतो. टो तेवढा जुळवून गाडी खाली उतरवतात आणि कागद हिरवा दिसतो.

कास्टर म्हणजे काय, हे मला चार व्हिडिओ बघून कळलं नव्हतं. तुम्ही जिन्याखालची सायकल ओढून आणलीत, सीट धरून चालवलीत आणि हँडल सोडून दिलंत. सायकल सरळ गेली. "फाटा पुढे तिरका आहे ना, म्हणून. तो उभा केलास तर हँडल भरकटेल." माझ्या गाडीत तेच झालं होतं. पुढची बॉडी वर गेली, चाकाला बॉडीशी जोडणारे वरचे-खालचे आर्म खाली कलले, वरच्या आर्मच्या टोकाचा बॉल जॉइंट खालच्याच्या मानानं पुढे सरकला आणि फाट्याचा तिरकेपणा गेला. पुस्तकात माझ्या गाडीचा कास्टर सुमारे ३ अंश दिलाय. पुढे मशीनवर "आधीचा" आकडा काढून घेतला तेव्हा डावीकडे १ अंश २० मिनिटं (साठ मिनिटांचा एक अंश) निघाला आणि उजवीकडे जेमतेम अर्धा अंश. ज्या बाजूचा कास्टर कमी, तिकडे गाडी ओढते. ज्या बाजूचा कॅम्बर जास्त बाहेर, तिकडेही ओढते. माझी उजवी बाजू दोन्हींत पुढे होती.

पण उजवी बाजूच का? इथे तुम्ही जे केलंत ते मला जन्मात सुचलं नसतं. पुढचे दोन टायर आपसांत बदलायला लावलेत. ओढ उजवीकडेच राहिली, म्हणजे टायरवरचा संशय फिटला. मग टेप. मी जमिनीपासून मडगार्डपर्यंत मोजायला निघालो तर तुम्ही हातातून टेप काढून घेतलात. जमिनीपासून मोजलं की टायरची हवा आणि झीज त्यात येते. मोजायचं हबच्या मध्यापासून वर कमानीच्या कडेपर्यंत. डावी ५४२ मिलिमीटर, उजवी ५६०.

"उजवीकडे काय घातलंयस?"

घातली होती, काका. दहा मिलिमीटरची एक चकती. ड्रायव्हरची बाजू नेहमी बसते असं कुणीसं सांगितलं, किटमध्ये चकती आली होती, मी स्प्रिंगच्या डोक्यावर चढवून दिली. उजवीकडची स्प्रिंग मुळातच थोडी जड बनवलेली होती, हे पाकिटावर लिहिलेलं मी वाचलं नव्हतं. वर तुम्ही हिशेब सांगितलात: ही स्प्रिंग खालच्या आर्मच्या साधारण मध्यावर टेकते, म्हणून वर दहाची चकती घातली की चाकापाशी वीसच्या आसपास उंची वाढते. म्हणजे एका बाजूची लिफ्ट ५० आणि दुसरीची ७० च्या घरात. गाडी उजवीकडे ओढणार नाही तर काय करेल?

ओळंब्याचा प्रसंग लिहिल्याशिवाय हे पत्र पुरं होणार नाही. मला वाटत होतं, कॅम्बर मोजायला लेझर लागतो. तुम्ही घरातून गवंड्याचा ओळंबा आणलात, एक सरळ फळी आणि एकाच मापाचे दोन लाकडी ठोकळे. ठोकळे फळीला बांधले, एक रिमच्या वरच्या कडेला टेकवला, एक खालच्या. ठोकळ्यांमुळे फळी टायरच्या फुगलेल्या पोटाला लागत नाही. फळीच्या वरच्या टोकाला ओळंबा. दोरी हलायची थांबेपर्यंत तुम्ही मला बोलू दिलं नाहीत. मग खालच्या ठोकळ्यापाशी दोरी आणि फळी यांतलं अंतर मोजलंत. उजवीकडे ९ मिलिमीटर, डावीकडे ४. रिमच्या दोन कडांमध्ये सुमारे ४३० मिलिमीटर धरले तर एका अंशाला साडेसात मिलिमीटर पडतात. म्हणजे उजवं चाक सव्वा अंशाच्या आसपास बाहेर झुकलेलं, डावं अर्ध्या. पार्किंगला पाणी वाहून जायला उतार आहे, मग हे खरं कसं मानायचं, असं मी शहाणपणानं विचारलं. तुम्ही गाडी उलट तोंडानं लावायला सांगितलीत, पुन्हा मोजलंत आणि सरासरी काढलीत. उतार दोन्ही मापांत उलटसुलट पडून निघून गेला. मी अभियांत्रिकी शिकलोय, हे त्यानंतर मी तुम्हाला सांगितलं नाही.

आणखी एक चूक तुम्ही न बघता ओळखलीत. "आर्मचे बोल्ट कुठे आवळले? गाडी जॅकवर असताना?" हो. चाकं लोंबत असताना, दणकून. आर्मच्या सांध्यातला रबरी बुश त्या लोंबत्या स्थितीतच पकडला गेला आणि गाडी खाली उतरली तेव्हा प्रत्येक बुश पिळलेला राहिला. तो गाडीला वर ढकलतो आणि लवकर फाटतो, हे तुमचे शब्द. आपण बोल्ट सैल केले, चकती काढली, गाडी चाकांवर उतरवली, पुढे-मागे ढकलली, बॉनेटवर बसून चार हिसके दिले आणि मग खाली पडून आवळले. खाली मी होतो, पाना माझा होता, पण प्रत्येक बोल्टला "आता" तुम्ही म्हणत होतात. त्यानंतर दोन बाजूंच्या उंचीत ३ मिलिमीटरचा फरक उरला.

मित्रांचा सल्ला तोवर ठरलेला होता: नवे वरचे आर्म घे, डिफ (चाकांना ताकद वाटून देणारा डिफरेन्शियल) खाली उतरवायचं किटही घे. आर्मचं तुम्ही उडवून लावलं नाहीत. वरचा बॉल जॉइंट मागे आणि आत घेतलेले आर्म असतात, त्यांनी कास्टर खरोखर परत मिळतो, आणि यापेक्षा जास्त उचललीस तर त्याशिवाय गत्यंतर नाही, हे स्पष्ट सांगितलंत. डिफबद्दल मात्र हसलात. त्यानं चाकांकडे ताकद नेणाऱ्या ड्राइव्ह शाफ्टचा कोन कमी होतो, अलाइनमेंटशी त्याचा संबंध नाही. "आधी चकती काढ, आकडे बघ, मग खिशात हात घाल." इतक्या साध्या वाक्यानं माझा किती खर्च वाचला, ते घरी सांगितलेलं नाही. सांगितलं तर मुळात लिफ्टवर किती झाला, तेही निघेल.

तिसऱ्या अलाइनमेंटला जाताना तुम्ही पाकिटाच्या मागे लिहून दिलेली चिठ्ठी अजून माझ्या डॅशबोर्डच्या कप्प्यात आहे. हवा तपासून घे. आधीचा प्रिंट माग. कास्टरचा फेरा मारायला लाव. पहिला कास्टर, मग कॅम्बर, टो सगळ्यांत शेवटी, कारण पहिले दोन हलवले की टो आपोआप बिघडतो. मशीनवरच्या मुलानं चिठ्ठी वाचली, एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि खरं सांगतो, नंतर मनापासून काम केलं. खालच्या आर्मचे, फिरवून कोन बदलता येणारे खुणांचे कॅम बोल्ट त्यानं जवळजवळ शेवटच्या रेघेपर्यंत नेले. डावा कास्टर २ अंश २५ मिनिटं, उजवा २ अंश १५. कॅम्बर दोन्हीकडे शून्याला लागून. टो मधोमध, स्टिअरिंग सरळ. निघताना डॅशवर घसरण-नियंत्रणाचा दिवा लागला, तेव्हा तुमच्या चिठ्ठीतली शेवटची ओळ आठवली: स्टिअरिंगच्या कोनाचा सेन्सर शून्यावर आणून घे. त्यानं दोन मिनिटांत आणला.

परत येताना वळण संपलं आणि मी हात सैल सोडले. स्टिअरिंग स्वतःहून मध्यावर आलं. गाडीत मी एकटाच होतो, तरी मोठ्यानं "आलं!" म्हणालो.

एका बाबतीत आपलं जमणार नाही. गाडी उचलायची गरजच नव्हती, असं तुम्ही अजून म्हणता. मी अजून नाही म्हणतो. पोटाखालचे दगड तुम्ही पाहिलेले नाहीत, मी ऐकलेले आहेत.

खाल्लेला टायर मागे टाकलाय, पुढे चांगली जोडी लावलीय. दिव्यांचे स्क्रूही फिरवले, भिंतीवर खडूची रेघ मारून. नव्या स्प्रिंगा अजून थोड्या बसतील म्हणून हजार किलोमीटरला पुन्हा मोजायचं असं तुम्ही म्हणाला होतात. काल ९४० झाले. तुमचा ओळंबा माझ्याकडेच खुंटीला आहे. रविवारी सकाळी फळी आणि ठोकळे घेऊन खाली या, गाडी मी आधीच सरळ लावून ठेवतो. दुसऱ्यांदा उलटी लावायला जागा लागेल, तेव्हा शेजारच्या स्कूटरवाल्याला तेवढं तुम्ही सांगा. माझं तो ऐकत नाही.

आपला,
दुसऱ्या मजल्यावरचा, उंच गाडीवाला