टोकियोच्या गाडीत जागा देताना-घेताना

ती. आई आणि ती. बाबांना सा. नमस्कार.

व्हिसा झाला, तिकिटं झाली, आता इथल्या गाड्यांबद्दल लिहिते. तुम्ही दोघांनी डोंबिवलीहून आयुष्यभर लोकल केली आहे, त्यामुळे इथल्या गर्दीत तुमचं कसं होईल याची मला काळजी नाही. पण बसायच्या जागेचे इथले रिवाज वेगळे आहेत. ते कुणी तोंडाने सांगत नाही आणि चुकलं तर कुणी टोकतही नाही. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी डबा कसा असतो ते. एका बाजूला चार दारं आणि दोन दारांच्या मधे खिडकीला पाठ लावून लांब बाक. बहुतेक गाड्यांत त्यावर सात जण बसतात. आपल्या घराजवळची, निशी-कासाई स्टेशनवरून जाणारी तोझाई लाइन (मेट्रो) फार गर्दीची, म्हणून तिच्या काही गाड्यांची दारं मुद्दाम रुंद केली आहेत, नेहमीच्या १.३ मीटरऐवजी १.८ मीटर. दारं वाढली तशी बाकावरची जागा घटली आणि तिथे सहाच जण मावतात. बैठकीला प्रत्येकासाठी वेगळा खळगा असतो. जेआरच्या (जपान रेल्वेच्या) नव्या गाड्यांत तो ४६ सेंटिमीटर रुंद आहे. चौथ्या सीटचा प्रकार इथे अजिबात नाही. ‘जरा सरकून घ्या’ म्हणत मधे शिरायचं नाही. रिकामा खळगा दिसला तर तिथे बसायचं, नाहीतर उभं राहायचं.

उतरणाऱ्याची जागा आधीपासून धरून ठेवायची पद्धतही नाही. ‘कुठे उतरणार?’ हा आपल्याकडचा अगदी साधा प्रश्न इथे कुणाला विचारू नका. समोरचा उठला की त्याच्या थेट पुढ्यात जो उभा असेल त्याने बसायचं, हा न लिहिलेला नियम. त्याला बसायचं नसेल तर तो किंचित बाजूला होतो. तेवढी खूण दिसेपर्यंत शेजारून पुढे सरकायचं नाही. बाबा, तुमची चपळाई इथे आवरून धरावी लागेल.

आता राखीव जागा. डब्याच्या टोकाला, बहुधा तीन-तीन जणांचे छोटे बाक असतात. त्यांना यूसेन-सेकी म्हणतात. तिथल्या कापडाचा रंग वेगळा असतो, वर लटकणारी हँडलंही पिवळी किंवा नारिंगी असतात आणि खिडकीवर चित्रं असतात: काठीवाले म्हातारे, पाय प्लास्टरमधला माणूस, गरोदर बाई, कडेवर मूल घेतलेली बाई, आणि बाहेरून न दिसणारा आजार असलेला माणूस. दंड वगैरे काही नाही. जागा रिकामी असेल तर कुणीही बसू शकतो, गरजू आला की उठायचं. प्रत्यक्षात पुष्कळ लोक डबा भरलेला असतानाही तिथे बसत नाहीत आणि जागा तशाच राहतात. तुम्ही दोघं हक्काने बसा. तुमच्यासाठीच आहेत त्या.

या जागांचा इतिहास बाबांना आवडेल. १५ सप्टेंबर १९७३ला, म्हणजे तेव्हाच्या ज्येष्ठांच्या सन्मानदिनी, सरकारी रेल्वेने टोकियोच्या चुओ लाइनवर पहिल्यांदा या जागा ठेवल्या. कापड चंदेरी राखाडी रंगाचं, म्हणून नाव पडलं ‘सिल्व्हर सीट’. गरोदर आणि आजारी माणसांचाही विचार व्हायला लागल्यावर ते नाव मागे पडलं. पुढे ओसाकाकडच्या हानक्यू रेल्वेने १९९९ मध्ये वेगळ्या राखीव जागाच काढून टाकल्या. सगळ्याच जागा राखीव समजा, कुठेही बसला असाल तरी उठा, अशी त्यामागची भावना होती. विचार सुंदर, पण गरजूंना जागा मिळेना म्हणून तक्रारी आल्या आणि २००७ मध्ये राखीव जागा परत आणाव्या लागल्या. मला यात लोक वाईट होते असं वाटत नाही. सगळ्या जागा सगळ्यांवर सोपवल्या की बसलेल्या प्रत्येकाला वाटतं, शेजारचा उठेल. वेगळ्या रंगाच्या जागेवर बसलेल्याला मात्र ठाऊक असतं की उठायचं आहे ते आपणच. शिवाय काठी टेकत आलेल्या माणसाला डब्यात नेमकं कुठे जायचं हे कळतं. म्हणून निराळ्या जागा हव्यातच असं माझं ठाम मत आहे.

आई, आता तुझ्या गुडघ्याबद्दल. वाटी बदलल्यापासून तू चालतेस छान, त्यामुळे बघणाऱ्याला काही कळत नाही. अशाच लोकांसाठी टोकियो सरकारने २०१२ मध्ये ‘हेल्प मार्क’ काढला. लाल रंगाचा, तळहाताएवढा मऊ पट्टा, त्यावर पांढरा क्रॉस आणि खाली पांढरं बदाम. कृत्रिम सांधा, कृत्रिम पाय, हृदयाचे किंवा मूत्रपिंडाचे विकार, गरोदरपणाचे पहिले महिने, अशा सगळ्यांसाठी तो आहे. फुकट मिळतो आणि डॉक्टरचा दाखला मागत नाहीत. तो मिळतो तोएई सबवेच्या, म्हणजे टोकियो सरकारच्या मेट्रोच्या स्टेशनांवर. आपली तोझाई लाइन दुसऱ्या कंपनीची, म्हणून निशी-कासाईला मिळणार नाही, फुनाबोरीला जावं लागेल. तू आलीस की दुसऱ्या दिवशीच जाऊन आणू.

तो पर्सला बाहेरच्या बाजूने अडकवायचा आणि पर्स पुढे घ्यायची. इथेच बऱ्याच जणांचं चुकतं. पट्टा पाठीमागे किंवा कोटाखाली लोंबत राहतो आणि बसलेल्याला दिसतच नाही. बसलेल्या माणसाची नजर उभ्या माणसाच्या कमरेच्या पातळीवर असते, पट्टा तिथे दिसला पाहिजे. दारातून आत आलीस की मधे थांबू नकोस. सरळ टोकाच्या बाकापाशी जा आणि पिवळं हँडल धरून उभी राहा. काही बोलायची गरज पडत नाही. समोरचा झोपलेला असेल किंवा मोबाइलमध्ये असेल तर त्याला हलवून उठवू नकोस, बाजूच्या बाकाकडे वळ.

बाबा, पुढचं तुमच्यासाठी. तुमचे पांढरे केस बघून लोक उठतील. ‘नको नको, बसा तुम्ही’ हा आपला शिष्टाचार इथे करू नका. आपल्याकडे पहिला नकार हा नकार नसतो, समोरचा पुन्हा आग्रह करतो आणि मग आपण बसतो. इथे हात हलवून एकदा नको म्हटलं की विषय संपला. उठलेल्या माणसाला परत बसायला संकोच वाटतो, तुम्ही उभे, तो उभा आणि मधली जागा रिकामी. म्हणून कुणी उठलं की मान झुकवून ‘सुमिमासेन’ (माफ करा, आभारी आहे) म्हणा, लगेच बसा आणि पिशवी मांडीवर घ्या. गाडी सुटण्यापूर्वी बसलेलं बरं, सुटताना आणि ब्रेक लागताना तोल जातो. तुमच्या आधी तो माणूस उतरायला लागला आणि नजरानजर झाली तर पुन्हा एकदा मान झुकवा. एवढं पुरे. त्याचं गाव, नोकरी, मुलंबाळं विचारायची नाहीत.

एकालाच जागा मिळाली तर आईने बसावं आणि तुम्ही तिच्यासमोर उभं राहावं. दोन जागा सुट्या असतील तर मधला माणूस पुष्कळदा स्वतःहून सरकून तुम्हाला एकत्र जागा करून देतो. त्यालाही मान झुकवायची.

दादा-वहिनी आणि मुलं दिवाळीच्या सुट्टीत येणार आहेत, त्यांनाही हे पत्र वाचायला द्या, कारण जागा द्यायची वेळ त्यांच्यावर येईल. कुणाला जागा द्यायची? काठी, प्लास्टर, लाल पट्टा, कडेवरचं मूल यांत शंका नको. बायकांच्या बॅगेला गुलाबी रंगात आई-बाळाचं चित्र असलेलं लटकन दिसलं तर ती गरोदर आहे. ते चिन्ह सरकारने २००६ पासून ठरवून दिलंय. पोट दिसत नसलं तरी उठायचं, कारण पहिल्या महिन्यांतच मळमळ आणि चक्कर जास्त. उलट, नुसतं पोट बघून अंदाज करायचा नाही. लटकन नसेल आणि तरी वाटलं, तर काही न बोलता उठून दाराकडे जायचं.

ज्येष्ठांचं जास्त नाजूक. साठी-पासष्टीचे पुष्कळ लोक इथे कामावर जातात, ताठ चालतात, आणि कुणी जागा दिली की आपण म्हातारे दिसतो म्हणून खट्टू होतात. तिथेही हीच युक्ती चालते. पुढचं स्टेशन यायला लागलं की उतरायचं असल्यासारखं उठायचं आणि शेजारच्या दाराशी जाऊन उभं राहायचं. त्यांना घ्यायची तर जागा घेतील. बोलून द्यायची असेल तर गाडी थांबत असताना उठायचं, तळहात उघडा ठेवून जागेकडे करायचा आणि ‘दोझो’ (घ्या, बसा) म्हणायचं. बोट दाखवायचं नाही. उत्तरात ‘दाइजोबु देस’ (ठीक आहे, नको) आलं आणि हात हलला तर तो नकार आहे. मग पुन्हा विचारू नये, शांतपणे परत बसावं.

हमखास होणारी गडबड म्हणजे चार माणसांपलीकडच्या आजींना बोलवायला दादा उठून जाईल आणि परत बघेल तर तिथे कुणीतरी बसलेलं असेल. त्या माणसाची काही चूक नाही, त्याला रिकामी जागा दिसली. म्हणून आधी बसल्या जागेवरून नजर मिळवायची, त्यांची मान हलली की उठायचं आणि त्या पोचेपर्यंत जागेच्या अगदी समोर उभं राहायचं. त्या बसल्या की आपण दोन पावलं लांब व्हायचं. डोक्याशी उभं राहिलं तर त्यांना अवघडतं.

मुलांचं थोडक्यात: खिडकीतून बाहेर बघायला गुडघ्यांवर बसायचं असेल तर बूट काढायचे. सहा वर्षांखालच्या मुलांना मोठ्या माणसाबरोबर तिकीट लागत नाही, पण गर्दी झाली की त्यांना मांडीवर घ्यायचं. पाठीवरची सॅक सगळ्यांनीच पुढे घ्यायची किंवा वरच्या फळीवर ठेवायची.

फोनबद्दलही सांगते. पूर्वी राखीव जागांजवळ मोबाइल पूर्ण बंद ठेवावा लागे, पेसमेकरवाल्यांच्या काळजीने. ऑक्टोबर २०१५ पासून टोकियोकडच्या रेल्वे कंपन्यांनी तो नियम सैल केला, आता फक्त गर्दीच्या वेळी बंद करा म्हणतात. फोनवर बोलणं मात्र डब्यात कुठेच नाही. बाबा, मावशीचा फोन आला तर उतरल्यावर करा.

बसचा हिशेब वेगळा. तोएईच्या शहरी बसमध्ये पुढच्या दाराने चढतात आणि मधल्या दाराने उतरतात. राखीव जागा पुढच्या भागात असतात, आई, तिथेच बस. मागे जायला पायरी चढावी लागते आणि चाकावरच्या सीट उंच असतात, गुडघ्याला त्रास होईल. कुणी प्रेमाने तसली सीट देऊ केली तरी ‘दाइजोबु देस’ म्हण आणि दांडा धरून उभी राहा. चालत्या बसमध्ये कुणी जागा देण्या-घेण्यासाठीही उठत नाही. बस थांबल्यावरच उठा, असं ड्रायव्हर सारखं सांगत असतो. अदलाबदल थांब्यावर करायची. उतरतानाही बटण दाबून बसूनच राहायचं आणि बस पूर्ण थांबली की उठायचं. आपल्याकडे एक थांबा आधी दारात जाऊन उभं राहायची जी सवय आहे, ती इथे मोडावी लागेल. ड्रायव्हर थांबतो, घाई करत नाही.

वेळा सांभाळल्या तर निम्मं काम होतं. सकाळी साडेसात ते नऊ तोझाई लाइनने शहराकडे जायचंच नाही. कोरोनाच्या आधी त्या वेळी किबा ते मोन्झेन-नाकाचो या टप्प्यात गाडीत क्षमतेच्या जवळजवळ दुप्पट माणसं असत. अशा वेळी राखीव बाकापर्यंत पोचताच येत नाही, मग कोण कितीही भलं असलं तरी जागा कशी देणार? दहानंतर निघा. सकाळी जावंच लागलं तर आईसाठी लेडीज डबा आहे, फलाटावर आणि डब्यावर गुलाबी पाटी असते. बाबांना त्यात चढता येणार नाही, म्हणून कुठल्या स्टेशनवर भेटायचं ते आधी ठरवून घ्या.

आई, हेल्प मार्कबरोबर एक स्टिकर मिळतो, त्यावर गरजेची माहिती लिहून पट्ट्याच्या मागे चिकटवतात. तुझ्या औषधांची नावं, किती मिलिग्रॅम, ऑपरेशन कुठल्या पायाचं आणि कोणत्या महिन्यात झालं, एवढं एका कागदावर लिहून फोटो पाठव. मी जपानीत लिहून तयार ठेवते. ऑपरेशनचा मूळ कागद हातातल्या बॅगेत ठेव, विमानतळावर मेटल डिटेक्टर वाजला की तोच दाखवायचा आहे.

तुमची,
धाकटी