चिरा लावायला आई नको

शेफील्ड,
शनिवार, रात्री

ती. आई आणि बाबा यांस,
सा. न. वि. वि.

मंगळवारी फोनवर तुम्ही विचारलंत, "आज बसने का गेलीस?" आणि मी "गाडी पासिंगला टाकलीय" एवढंच बोलून विषय बदलला. सगळं नीट सांगायला वेळ हवा होता. शिवाय फोनवर बाबा "हो हो, बघतो" म्हणतात आणि ते राहून जातं. म्हणून लिहून पाठवते आहे. आई, तू मोठ्याने वाच. बाबा, तुम्ही शेवटपर्यंत ऐका.

गाडी पासिंगला नापास झाली, हॅन्डब्रेकवर.

इथे गाडी तीन वर्षांची झाली की दर वर्षी तपासून घ्यावीच लागते. त्याला एमओटी म्हणतात, मिनिस्ट्री ऑफ ट्रान्सपोर्टची आद्याक्षरं. १९६० साली हे सुरू झालं तेव्हा दहा वर्षं जुन्या गाड्यांनाच लागू होतं, १९६७ साली तीन वर्षांवर आलं. आपल्या आरटीओसारखं मैदानावर जावं लागत नाही, परवाना असलेल्या गल्लीतल्या गॅरेजातच तपासणी होते. गाडीवाल्याला उभं राहून बघताही येतं. दरवर्षी मी चावी देऊन निघून जाते. या वेळी पाऊस होता म्हणून थांबले.

मागची दोन्ही चाकं जमिनीत बसवलेल्या रोलरांवर घेतात. रोलर चाकांना फिरवतात, आत बसलेला माणूस हॅन्डब्रेकचा दांडा कट-कट आवाज करत एकेक कट वर ओढत जातो आणि कुठलं चाक किती जोराने अडवतंय ते समोरच्या दोन काट्यांवर दिसतं. डावा काटा सरसर चढला. उजवा जरासा हलला आणि तिथेच राहिला. दांडा पार वर आला, तरी उजवं चाक आपलं फिरतच होतं.

बाबा, हा हिशेब तुमच्यासाठी. डाव्या चाकाचा अडवण्याचा जोर ११० किलो, उजव्याचा ३३. बेरीज १४३. गाडीचं वजन ११०० किलो, म्हणजे जोर वजनाच्या १३ टक्के. पास व्हायला १६ टक्के लागतात, म्हणजे १७६ किलो. याच्याही निम्म्याखाली, ८ टक्क्यांच्या खाली गेलं असतं तर 'धोकादायक' असा शेरा पडून गाडी रस्त्यावर काढायलाच बंदी झाली असती. १६ टक्के म्हणजे साधारण सहा फुटांना एक फूट असा चढ असेल तर गाडी जेमतेम धरून ठेवण्याइतका जोर. आता फाट्यावरून आपल्या घराकडे येणारा शेवटचा चढ डोळ्यांपुढे आणा.

मग त्याने गाडी लिफ्टवर उचलली आणि मला खाली बोलावून दाखवलं. उजव्या चाकाकडे जाणाऱ्या केबलचं काळं आवरण एका ठिकाणी फाटून फुगलं होतं. बोटाने दाबलं तर तांबूस पूड पडली. हिवाळ्यात रस्त्यावर बर्फ धरू नये म्हणून इथे ट्रकने मीठ पसरतात. ते खारं पाणी त्या फटीतून आत गेलं आणि तार आवरणातच गंजून बसली. मी दांडा ओढत होते, पण पलीकडे चाकापर्यंत काही पोचतच नव्हतं.

मला कळलं कसं नाही, हे तुम्ही विचाराल. मीही रात्रभर तोच विचार केला. माझी गल्ली चढाची, गाडी रोज तिथेच उभी असते. पूर्वी दांडा चार-पाच कटांत घट्ट व्हायचा, आता नऊवर जायचा. पण एका दिवसात तसं झालं नव्हतं, हात आपोआप थोडा थोडा वर ओढत गेला. डावं चाक दोघांचं काम एकटं करत होतं. आणि मी गाडी नेहमी गिअरमध्ये ठेवते, म्हणून ती जागची हलली नाही. बाबा, पहिल्या दिवशी तुम्हीच शिकवलं होतंत ते, "गिअर टाकल्याशिवाय उतरायचं नाही."

गाडी तिथेच दुरुस्तीला ठेवली, म्हणून फेरतपासणीचे पैसे पडले नाहीत. दोन्ही केबल बदलायला १३० पौंड लागले. आता १२५ आणि १२२, म्हणजे २२ टक्के. माझ्या गाडीची काळजी सोडा.

आता आपल्या गाडीचं.

ती २०१४ ची. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, म्हणजे २०२९ पर्यंत कुणी तिला "दाखव" म्हणणार नाही. तोवर बघायचं ते आपणच. मे महिन्यात आले होते तेव्हा रोज संध्याकाळी बघत होते. बाबा चढावर गाडी थांबवतात, दांडा पार वर ओढतात, तरी ब्रेकवरचा पाय काढत नाहीत. मग हाक येते, "अगं, चिरा!" आणि आई, तू पदर खोचून गाडीच्या मागे जातेस, गुडघ्यावर हात टेकून वाकतेस आणि जांभ्याचा तो चिरा दोन्ही हातांनी चाकामागे सरकवतेस.

त्या वेळी तुझं डोकं बंपरच्या उंचीला असतं. वर आठ-नऊशे किलोची गाडी, आणि ती तोललेली असते बाबांच्या उजव्या पायावर, ज्या पायाचा गुडघा दुखतो म्हणून ते जिना टाळतात.

मी हे बघत होते आणि काही बोलले नाही. घरचंच चित्र, वर्षानुवर्षांचं, त्यात काही चुकतंय असं वाटलंच नाही. गॅरेजात तो उजवा काटा अडकला तेव्हा मला माझी गाडी दिसली नाही, तू वाकलेली दिसलीस. पाय लटपटले माझे.

आई, आजपासून तू गाडीच्या मागे जायचं नाही. बाबांनी हाक मारली तरी नाही.

बाबा, चिऱ्याला मी वाईट म्हणत नाही. पावसाळ्यात गाडी आठवडाभर उभी राहणार असेल तर हॅन्डब्रेक ओढून ठेवू नये, ब्रेकच्या पट्ट्या (शू) चाकाच्या आतल्या ड्रमला चिकटतात, हे तुमचं म्हणणं अगदी बरोबर आहे. पण ते सपाटीवर. तेव्हा दुरुस्ती होईपर्यंत गाडी खाली देवळापुढच्या मोकळ्या जागेत लावा. शंभर पावलं चालावं लागेल, सामान असेल तर दोन खेपा होतील, होऊ देत. चढावर ठेवायचीच वेळ आली तर चिरा आधी ठेवा आणि मग गाडी हळूच त्याला टेकवा. गाडीचं तोंड वर असेल तर पहिला गिअर, खाली असेल तर रिव्हर्स. चाकं अशी वळवा की गाडी सुटलीच तर बांधाला टेकेल.

आणि मेकॅनिकला नुसतं "हॅन्डब्रेक टाइट कर" असं सांगू नका. टाइट केला की दांडा लगेच घट्ट लागतो आणि काम झाल्यासारखं वाटतं. मागची बाजू जॅकवर घेऊन, पुढच्या चाकांना दगड लावून, दांडा ओढल्यावर एकेक चाक वेगवेगळं हाताने फिरवून बघायला सांगा. दोन्ही अडली पाहिजेत. ड्रम उघडून शू किती उरलेत ते बघायचं, आणि केबल दोन्ही बाजूंना सरकते का ते. आपल्याकडे रस्त्यावर मीठ टाकत नाहीत, पण हवाच खारी आहे, त्यात चार महिने पाऊस.

पुढच्या महिन्यात कोल्हापूरला लग्नाला जायचं म्हणताय. हे काम झाल्याशिवाय आंबा घाट चढू नका. नाहीच जमलं तर एसटीने जा, मी तिकीट काढून देते.

पैसे मी सोमवारी पाठवते. त्यावर वाद नको, बाबा. ड्रम उघडला की आतला फोटो काढून मला पाठवा, दोन्ही चाकांचा.

तुमची,
लेक

ता. क. आई, तो चिरा अंगणात तुळशीजवळ आणून ठेव. डिसेंबरात आले की मीच जागेवर नेऊन ठेवीन.