जांघेतली गाठ दुखत नव्हती, तिथेच फसलो

मा. संपादक,
स.न.

आमच्या ह्यांच्या उजव्या जांघेत गाठ आली होती आणि आम्ही दोघांनी ती चार महिने "अवधाण असेल" म्हणून सोडून दिली, पुढे ती लिम्फोमा म्हणजे लिम्फच्या गाठींचा कॅन्सर निघाली, त्याबद्दल हे पत्र.

अवधाण सगळ्यांना माहीत असतं. पायाला जखम झाली, नखुरडं झालं की जांघेत गाठ येते, चालताना ठणकते आणि जखम भरली की दोन-तीन आठवड्यांत बसते. पायातलं लिम्फचं पाणी वर जाताना जांघेतल्या गाठींतून गाळून जातं, थोड्या गाठी गुडघ्याच्या मागेही असतात, तर जंतू आले की त्या सुजणारच, ते त्यांचं कामच आहे. पण ह्यांच्या पायाला साधा ओरखडा नव्हता, आणि गाठ अजिबात दुखत नव्हती. आधी गोटीएवढी होती मग लिंबाएवढी झाली, दाबली की रबरासारखी लागायची. "दुखत नाही ना, मग कशाला डॉक्टर" असं हे म्हणायचे आणि खरं सांगते मीही म्हणायचे. शिवाय जागा अशी की दाखवायची लाज. मध्येच हर्निया वाटला, पण हर्निया बरेचदा आडवं झालं की आत जातो आणि खोकलं की पुढे येतो, ही जागची हलत नव्हती.

एका संध्याकाळी मोजे काढले तर डाव्या पायावर नुसती रेघ आणि उजव्यावर इलॅस्टिकचा एवढा खोल वळ की बोट ठेवलं तर खड्डा पडत होता, तेव्हा मात्र मी ह्यांना ओढतच नेलं. डॉक्टरांनी आधी डॉपलर, म्हणजे शिरांतलं रक्त बघायची सोनोग्राफी, करायला लावला, कारण एकच पाय सुजला तर शिरेत रक्ताची गुठळी असू शकते, आणि ते त्याच दिवशी बघायचं असतं. गुठळी नव्हती. गाठींनी शिरा आणि लिम्फच्या वाटा दाबल्या होत्या.

मग एफएनएसी केली, म्हणजे सुईने थोड्या पेशी ओढून करतात ती टेस्ट. रिपोर्ट आला "रिअॅक्टिव्ह", कॅन्सरच्या पेशी दिसल्या नाहीत. आम्ही सुटकेचा श्वास टाकला, आणि अजून दीड महिना गेला. दुसऱ्या डॉक्टरांनी नंतर समजावलं की लिम्फोमात सुट्या पेशी बघून बरेचदा भागत नाही, त्या गाठीत कशा मांडल्यात, गाठीची मूळ रचना मोडलीय का हे बघावं लागतं, म्हणून जमेल तिथे अख्खी गाठच काढून बायोप्सीला देतात आणि तिच्यावर आयएचसी, म्हणजे पेशी नक्की कुठल्या जातीच्या ते ओळखायची टेस्ट, करतात. अजून एक, बायोप्सीच्या आधी उगाच स्टेरॉइडच्या गोळ्या घेऊ नयेत, गाठ तेवढ्यापुरती बसते आणि रिपोर्ट फसवा येऊ शकतो. हे आधी कोणी सांगितलं असतं तर!

नातेवाईकांनी विचारलं, पायाचा कॅन्सर का, पाय कापणार का? तसं काही नसतं हो. हा लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशींचा कॅन्सर, सुरुवात जांघेतल्या गाठीत झाली इतकंच. थॉमस हॉजकिन नावाच्या डॉक्टरने 1832 मध्ये ज्या आजाराचं वर्णन केलं त्यात न बसणारे सगळे लिम्फोमा म्हणजे नॉन-हॉजकिन, त्यामुळे हा एक आजार नाहीच, डझनावारी आजारांची मोट आहे. काही इतके संथ की डॉक्टर लगेच औषधही देत नाहीत, फक्त लक्ष ठेवतात. ह्यांचा डिफ्यूज लार्ज बी सेल निघाला, तो भराभर वाढतो, पण गंमत म्हणजे त्यात पूर्ण बरे होणारे पेशंटही खूप असतात. स्टेज दुसरी, कारण गाठी जांघेत आणि पोटात होत्या, डायफ्रामच्या, म्हणजे छाती-पोटामधल्या पडद्याच्या, वर मानेत काखेतही असत्या तर तिसरी धरली असती.

दर 21 दिवसांनी एक अशी सहा सायकल केमो झाली. त्यातलं एक औषध लालभडक असतं, नंतर लघवीही लाल होते, ते रक्त नसतं, मी पहिल्यांदा घाबरून फोन केला होता. पेट स्कॅनमध्ये, म्हणजे किरणोत्सारी साखर टोचून काढतात त्या फोटोत, मूत्राशय चमकताना बघूनही असाच जीव गोळा झाला, तर म्हणे इंजेक्शनमधली साखर लघवीतून जाते म्हणून ते प्रत्येकाचं चमकतं. शेवटचा स्कॅन चांगला आला. संध्याकाळी पाय अजून थोडा सुजतो, त्याला टाइट स्टॉकिंग वापरतात.

रात्री बनियन पिळावं एवढा घाम, सारखा ताप, 6 महिन्यांत वजन 10 टक्क्यांहून जास्त उतरणं ही लक्षणं सगळीकडे छापून येतात. ह्यांना यातलं एकही नव्हतं, आणि त्यावरच आम्ही निश्चिंत होतो.

पत्र लांबलंय, कापावं लागेल हे कळतंय. कापायचंच तर आमची कहाणी कापा, सुईच्या टेस्टचा भाग तेवढा ठेवा.

आपली,
एक नेहमीची वाचक