'त्याला हसली' आणि 'त्याच्याकडे पाहून हसली'

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत आपण एक अनुवादित कथा छापलीत. शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री घाबरून पडलेला एक मुलगा, रात्रपाळीची परिचारिका आणि तिसऱ्या स्तंभात हे वाक्य : 'ती त्याला हसली आणि दिवा मालवून निघून गेली.' माझी नऊ वर्षांची नात मोठ्याने वाचत होती. ती थबकली. म्हणाली, 'आजोबा, ही बाई दुष्ट आहे का हो?' पुढे पहाटे तीच परिचारिका परत येते, मुलाचा हात हातात घेऊन बसते. पण नातीचा तिच्यावर काही शेवटपर्यंत विश्वास बसला नाही.

एकतीस वर्षे मी मुद्रितशोधनाचे काम केले. त्यामुळे चूक कुठे झाली ते लगेच दिसले. अनुवादकाने क्रियापद चुकवले नाही, घोटाळा 'ला'ने केला. मराठीत ओठ जरासे हलले तरी ते हसणे आणि पोट धरून गडाबडा लोळले तरी हसणेच. फरक दाखवतात ती आजूबाजूची माणसे, म्हणजे प्रत्यय आणि क्रियाविशेषणे. 'मला हसली' म्हणजे माझी टिंगल केली. 'माझ्याकडे पाहून हसली' म्हणजे ओळख दिली, धीर दिला, निदान राग नाही एवढे तरी कळवले. हल्ली 'माझ्यावर हसली' असेही वाचतो. ते हिंदीच्या वळणाचे आहे. आपला 'ला' तेच काम जास्त बोचरेपणाने करतो.

आणखी एक 'हसणे' आहे, ते अनुवादांत मला फारसे भेटत नाही. 'काल समोरून गेली, पण हसलीसुद्धा नाही.' इथे विनोदाचा संबंधच नाही. दखल घेतली नाही, ही तक्रार आहे. 'आमचे बोलणे नाही, नुसते हसण्यापुरते आहे,' असे शेजाऱ्यांबद्दल सांगतो तेव्हा नात्याचे माप दिलेले असते. या जागी 'स्मित' घालून पाहा : 'काल समोरून गेली, पण स्मितसुद्धा केले नाही.' बोलणारे माणूस एकदम नाटकातले वाटू लागते.

'स्मित'शी माझे वैर नाही. तो लिहिण्यातला शब्द आहे, तिथे तो शोभतो. नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत मात्र 'स्मितहास्य' दिसले की मी त्यातले 'हास्य' लाल पेन्सिलने उडवत असे. स्मित म्हणजेच हास्य, मग दोनदा कशाला? पुढे एका वयस्क सहकाऱ्याने नाट्यशास्त्राचा सहावा अध्याय पुढे ठेवला. भरताने हास्याचे सहा प्रकार सांगितले आहेत : स्मित, हसित, विहसित, उपहसित, अपहसित आणि अतिहसित. पहिल्या प्रकारात गाल किंचित फुलतात आणि दात दिसत नाहीत. दुसऱ्यात दात थोडे दिसू लागतात. म्हणजे स्मित हा हास्याचाच एक प्रकार झाला आणि 'स्मितहास्य' म्हणणाऱ्याला दोष देण्याचे कारण उरले नाही. त्या दिवसापासून मी 'स्मितहास्य' सोडून देतो. 'दिलखुलास स्मित' मात्र अजून सोडत नाही. दिल खुलले असेल तर दात झाकून कसे राहतील?

तसाच 'स्मित दिले'. फोटो काढताना 'स्माईल दे' म्हणतात, ते ठीक. तिथे खरोखरच कुणीतरी मागत असते आणि आपण देत असतो. लिहिताना स्मित करावे. हसू तर करावेही लागत नाही. ते येते, फुटते, आवरत नाही, दाबावे लागते आणि वाईट बातमी आली की मावळते. मावळणे हे क्रियापद आपण सूर्यासाठी वापरतो आणि चेहऱ्यावरच्या हसण्यासाठी. मला याचे अजून अप्रूप वाटते.

अनुवादकांना शब्द कमी पडतात असे म्हणावे, तर तेही खरे नाही. गालातल्या गालात हसणारा काहीतरी मनाशी ठेवून असतो. मिशीतल्या मिशीत हसणारा सहसा वयाने किंवा अधिकाराने मोठा, आणि त्याला समोरच्याची लबाडी कळलेली असते. मूल खुदकन हसते. फिदीफिदी हसणाऱ्याला कुणीतरी गप्प करणारच. आणि 'कसनुसे हसणे'! पैसे परत मागायला गेलेल्या माणसाला घरात पाहुणे दिसले की तो जसे हसतो, तसे. कथेतल्या मुलाचे वडील डॉक्टरांसमोर 'विचित्र स्मित करतात' असे छापले आहे. ते कसनुसे हसले असणार, मी पैज लावतो.

जाता जाता एक. त्याच अंकातल्या एका लेखात 'मुलांना इंग्रजी शाळेत घालण्याचा अट्टहास' असे आहे. संस्कृतात अट्टहास म्हणजे गडगडाटी हसणे. मराठीत त्या शब्दाचे हसू कधीच पुसले गेले, हट्ट तेवढा उरला आणि बहुतेक लोक 'अट्टाहास' असा लांबवून लिहितात. लेखकाने ऱ्हस्व लिहिले म्हणून मी चूक धरणार नाही. पण एका पानावर ऱ्हस्व आणि दुसऱ्यावर दीर्घ, हे पाहून जुने हात शिवशिवतात.

आमच्या घरच्या अंकात मी 'त्याला' खोडून, हंसपद घालून वर 'त्याच्याकडे पाहून' असे लिहिले आहे. नातीने ती कथा पुन्हा वाचली. आता तिची तक्रार एवढीच आहे, की दिवा मालवायला नको होता.

आपला,
एक निवृत्त मुद्रितशोधक