नागपूरला निघण्याआधी

पुणे, रविवार रात्र

ती. आई आणि बाबांना साष्टांग नमस्कार.

बाबा, हे पत्र मुद्दाम मेलवर पाठवतेय, म्हणजे फोनच तुम्हाला वाचून दाखवेल. आईला चष्मा शोधायला लावू नका. आई, तू शेजारी बस हवं तर.

जे सांगायचं ते आधी सांगून टाकते. मी नागपूरला येत नाहीये. रजा मिळाली नाही हे खरं आहे, चिनूची सहामाही त्याच आठवड्यात आहे हेही खरं आहे. पण तेवढंच नाही. मी आले की सगळं मीच करणार. खोलीत शिरल्या शिरल्या वायफाय मी जोडणार, आणि पुढच्या वेळी मी नसले की पुन्हा नाशिकसारखं होणार. म्हणून महाराष्ट्र एक्सप्रेसची दोनच तिकिटं काढली आहेत. दोन्ही खालचे बर्थ मिळालेत. माईआत्याशी बोलणं झालंय, मुकुंददादा स्टेशनवर येतोय. तेव्हा जायचं रद्द करायचं नाही.

नाशिकचं मला अजून टोचतं. तिथल्या हॉटेलातून रात्री दहाला तुमचा फोन आला, "प्लेअर जोडला गेला म्हणतो, पण पुस्तक उतरत नाही." पुस्तकं वाचून दाखवणाऱ्या तुमच्या त्या डेझी प्लेअरच्या कार्डावरची सगळी ऐकून झाली होती. आणि मी काय म्हणाले, तर "झोपा ना बाबा, एका रात्रीचं काय एवढं." तीन वाजता जाग आल्यावर तुम्ही उजाडेपर्यंत तो प्लेअर मांडीवर घेऊन नुसते बसून होतात, हे मला आईकडून महिन्याने कळलं. तिची झोपमोड नको म्हणून हाकसुद्धा मारली नाहीत.

त्यात तुमचं काही चुकलं नव्हतं, हे आधी मनातून काढा. तुम्ही ३४ वर्षं पोस्टात काढलीत, म्हणून तसंच सांगते. रजिस्टर पत्र दारात आलं तरी सही घेतल्याशिवाय पोस्टमन हातात द्यायचा नाही. हॉटेलचं वायफायही आत घेतं, पण पुढे सोडण्याआधी एक पान समोर धरतं. मोबाईल नंबर टाका, ओटीपी टाका, अटी मान्य करा. फोनला ते पान उघडता येतं, त्यात ब्राउझर आहे. डेझी प्लेअरला ना पडदा, ना ब्राउझर. त्याने सही करायची कुठे? तुमच्या बोलत्या स्पीकरचंही तेच झालं होतं.

आणि ते पान फोनवर भरणंही सोपं नाही, हे मला आत्ता कळलं. गेल्या शनिवारी इथल्या एका कॅफेत फोनवर बोटाखाली येईल ते बोलून दाखवणारं टॉकबॅक सुरू केलं, फोनवर रुमाल टाकला आणि तुमच्यासारखं बोटाने चाचपत ते भरायला बसले. नंबरचा रकाना सापडला. ओटीपीचा मेसेज बघायला गेले, तर मागे ती लॉगिनची छोटी खिडकीच बंद झाली. दुसऱ्यांदा सगळं भरलं, तोवर ओटीपीची मुदत संपली. मग एक चौकोन लागला. त्यावर बोट ठेवलं की टॉकबॅक नुसतं "चेकबॉक्स" म्हणायचं, कशाचा ते नाही. अटी मान्य करायचा होता तो. बावीस मिनिटं लागली मला. रुमाल उचलला तेव्हा कॉफीवर साय धरली होती, आणि मला तुमचा रात्री दहाचा आवाज आठवत होता.

म्हणून कुरिअरने एक डबी पाठवली आहे, साबणाच्या वडीएवढी. ट्रॅव्हल राऊटर म्हणतात त्याला. तो हॉटेलच्या वायफायला जोडला जातो आणि खोलीत आपलं स्वतःचं वायफाय सुरू करतो. नाव आणि पासवर्ड मी आपल्या सांगलीच्या घरचेच ठेवलेत, त्यामुळे प्लेअर आणि स्पीकर आपोआप जोडले जातील. सही फोनवरून एकदाच करायची. ती राऊटरच्या नावावर लागते, आणि हॉटेलला तो एकटाच दिसतो. नागपूरच्या हॉटेलला फोन करून त्यांच्या वायफायचं नाव विचारलं आणि आतच भरून ठेवलं.

किंमत विचारू नका. फोनचा हॉटस्पॉट चालला असता असं म्हणाल, पण नाशिकला तळमजल्याच्या खोलीत रेंजच नव्हती. आई, मी असताना या डबीची काय गरज, असं वाटून घेऊ नकोस. तू पेपर वाचून दाखवतेस, त्याची सर कशालाच नाही. हे फक्त रात्री तीनसाठी आहे.

बाबा, लोडशेडिंगमध्ये तुम्ही बॅटरी काखेत धरून मला गोष्ट वाचून दाखवायचात. उजेड पिवळा पडायला लागला की मी रडवेली व्हायचे, आणि तुम्ही अक्षरं दिसेनाशी होईपर्यंत वाचत राहायचात. दुसऱ्या दिवशी ते सेल गच्चीच्या कठड्यावर उन्हात. तुम्ही मला कधी "एका रात्रीचं काय एवढं" म्हणाला नाहीत.

आता नीट ऐका. डबी घरी लावून बघू नका, एकाच नावाची दोन वायफाय होतील आणि सगळंच अडेल. खोलीत गेल्यावर वायर खोचायची ती बाजू हाताला कळावी म्हणून तिथे आईची मोठी टिकली चिकटवली आहे. पलीकडच्या बारीक भोकावर चिकटपट्टी आहे, ती काढायची नाही. आत काही टोचलं तर मी भरलेलं सगळं पुसलं जाईल. डबी लावून पाच मिनिटं थांबा. मग फोनचा मोबाईल डेटा बंद करा, मेसेज तरीही येतो. फोनच्या पहिल्या पानावर "सही" नावाचं चिन्ह ठेवलंय, ते क्रोममध्ये उघडतं. मेसेज ऐकायला गेलात तरी ते पान बंद होत नाही. बिनानावाचा चेकबॉक्स आला तर तो अटींचाच समजा. दुसऱ्या दिवशी प्लेअर अचानक गप्प झाला तर तो बिघडलेला नाही, बऱ्याच ठिकाणी चोवीस तासांनी पुन्हा सही मागतात. काहीच जमलं नाही तर डबीच्या पोटावर छापलेला बारा अक्षरी पत्ता आईने खाली काउंटरवर दाखवायचा आणि "हा तुमच्याकडून थेट चालू करून द्या" म्हणायचं. भीड धरायची नाही.

सुगम्य पुस्तकालय या तुमच्या ऑनलाइन ग्रंथालयातली नऊ पुस्तकं कार्डावर भरलीच आहेत. पण दहावं तुम्ही निवडा. सकाळच्या प्रादेशिक बातम्याही चुकणार नाहीत.

डोळ्यांचे थेंब आईच्या पर्समध्ये, बॅगेत नाही. आई, गुडघ्याचा पट्टा प्रवासातच बांध, उतरल्यावर नाही. गाडीतलं दही खाऊ नका. खोली लिफ्टजवळची मागितली आहे, गरम पाणी सकाळी सहापासून येतं, न्हाणीघरात धरायला दांडा आहे. विचारून घेतलंय सगळं.

फोन उशाशी ठेवून झोपते, रिंग मोठी करून. अडलं तर कितीही वाजता करा. नाही अडलं, तर रात्री तीनला काय ऐकलंत ते सकाळी सांगा.

तुमची,
बेबी